उन्हात झोपणारा इन्व्हर्टर

आमच्या घरी २०२५ च्या फेब्रुवारीपासून २५३ या आकड्याला फार मान आहे. बाबांना तो पाठ आहे, आईला पाठ आहे, समोरच्या काकांनाही पाठ झालाय. लॉटरीचा नंबर नाही की रेल्वेचा पीएनआर नाही. छपरावरच्या सोलरचा इन्व्हर्टर ज्या व्होल्टेजला हात वर करून "आता मी नाही" म्हणतो, तो हा आकडा.

घर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं, आमगाव तालुक्यातलं. मी पुण्यात, दिवसभर दुसऱ्यांचे सर्व्हर का पडतात ते शोधण्याचा पगार घेतो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, त्यामुळे अख्ख्या गावाचे गुरुजी. केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान. गुरुजींनी सगळी माहितीपत्रकं लाल पेनाने अधोरेखित करून वाचली आणि उरलेले पैसे स्वतःच्या शिल्लकीतून घालून त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर ३ किलोवॉटचं सोलर बसवलं. आमच्या गल्लीतलं पहिलं. "गुरुजींचं कसं चालते ते पाहू, मग आपण" म्हणत आणखी चार घरं रांगेत उभी होती.

आणि फेब्रुवारीत फोन आला. "काहून गा, ऊन एवढं कडक हाय अन् हे तुझं मशीन भर दुपारी झोपून रायलं!" (बिघडलं की ते माझं मशीन. चालू असलं की त्यांचं.)

पुढे जाण्याआधी एक खुलासा. आपल्याकडे इन्व्हर्टर म्हटलं की जिन्याखालची बॅटरी आणि लाइट गेल्यावर चालू होणारा पंखा डोळ्यासमोर येतो. सोलरचा साधा, ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर याच्या बरोबर उलटा. लाइन गेली की हाही बंद! पॅनेलमधून येणारी डीसी वीज तो एसी करतो आणि लाइनच्या तालावर ताल धरून घरात आणि तारेवर सोडतो. तालच नसेल तर गाणं नाही. यामागचं कारण मात्र गंभीर आहे. लाइनमन खांबावर चढला आहे, खालून लाइन बंद केली आहे, आणि कोणाच्या तरी छपरावरून तारेत वीज येतेच आहे, असं झालं तर माणूस जाईल. म्हणून लाइन गायब झाली किंवा लाइनची लक्षणं बिघडली की या डब्याने आपणहून बाजूला व्हायचं, असा नियमच आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार व्होल्टेज नेहमीच्या ८० टक्क्यांखाली किंवा ११० टक्क्यांवर गेलं की जास्तीत जास्त २ सेकंदांत सुटायचं. आपलं नेहमीचं २३०. म्हणजे खाली १८४, वर २५३. सुटल्यावर लाइन किमान ६० सेकंद शहाण्यासारखी वागली तरच परत जोडायचं.

म्हणजे "इन्व्हर्टर बंद पडतो" ही तक्रारच थोडी तिरकी आहे. तो पडत नाही, निघून जातो. प्रश्न एवढाच की त्याला कोण हाकलतंय.

आता आमच्या धंद्याची एक सवय कामी आली: आधी लॉग बघायचा, मग तोंड उघडायचं. इन्व्हर्टरचं मोबाइल अ‍ॅप दर पाच मिनिटांनी व्होल्टेज आणि निर्मिती लिहून ठेवतं. ते सगळं उतरवून एका शनिवारी एक्सेलमध्ये टाकलं. चित्र फार बोलकं निघालं. सकाळी १० पर्यंत सगळं छान, निर्मिती चढतेय. तिच्याबरोबर घरातलं व्होल्टेजही चढतंय... २४८, २५०, २५२. अकराच्या सुमारास २५३ आणि खटकन बंद. बंद होताच व्होल्टेज खाली २४६. मिनिटभर थांबून इन्व्हर्टर परत जोडतो, परत चढतो, परत पडतो. दुपारी अडीचपर्यंत हाच खेळ. ज्यांनी सकाळी सकाळी दर दोन मिनिटांनी रीस्टार्ट होणारी सर्व्हिस पाहिली आहे त्यांना हा आलेख बघून घरच्यासारखं वाटेल :) दिवसाला १२ युनिटच्या आसपास यायला हवेत, येत होते ७.

गंमत म्हणजे हे सगळ्यात जास्त फेब्रुवारी-मार्चमध्ये. मे महिन्यात नाही. आधी विचित्र वाटतं, पण बघा: फेब्रुवारीत ऊन लख्ख आणि हवा थंड, पॅनेल थंड असलं की जास्त वीज देतं. आणि गावात कूलर अजून माळ्यावर. म्हणजे वीज भरपूर, घेणारं कोणी नाही.

होळीला घरी गेलो. महाराष्ट्र एक्सप्रेसने पुणे ते गोंदिया म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस जातो, विचार करायला भरपूर वेळ. वाटेत मनात येत होतं, की आमच्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, ६६० चे पाच संच. तिथून ७६५ केव्हीच्या तारा पश्चिमेकडे निघतात. माझ्या हापिसातला एसी कदाचित आमच्याच जिल्ह्याच्या विजेवर चालत असेल, आणि मी चाललोय घरातले सात व्होल्ट शोधायला. असो.

परीक्षा सोपी आहे. भर दुपारी इन्व्हर्टर पूर्ण जोरात असताना मीटरपाशी व्होल्टेज मोजायचं, मग इन्व्हर्टरचा एसी बाजूचा एमसीबी खाली पाडायचा आणि लगेच परत मोजायचं. (हे काम वायरमनकडून करून घ्या. मीही गावातल्या परवानाधारक वायरमनला बोलावलं होतं, मी फक्त वहीत लिहीत होतो.) इन्व्हर्टर बंद केल्यावर व्होल्टेज बरंच खाली आलं, तर चढाव आपल्या तारेतला. जेमतेम हललं, तर लाइनच मुळात वर आहे.

आमचं दोन्ही होतं. इन्व्हर्टर बंद असताना २४६, चालू असताना २५३ ला टेकलेलं.

यातले सात व्होल्ट कुठून आले हे बारावीच्या फिजिक्सने सुटतं. खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर जुनी, ४ स्क्वेअर एमएमची, अॅल्युमिनियमची, लांबी साधारण ३५ मीटर. अशा तारेचा रोध किलोमीटरला ७.४ ओहम. वीज जाऊन-येऊन ७० मीटर, म्हणजे अर्ध्या ओहमहून किंचित जास्त. ३ किलोवॉट म्हणजे साधारण १३ अँपिअर. गुणाकार करा: पावणेसात व्होल्ट. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला खांबापेक्षा तेवढं वर चढावंच लागतं. पाणी ढकलायला दाब लागतो तसं. नळी जेवढी बारीक तेवढा दाब जास्त. ही तार बसवली तेव्हा घरात दोन बल्ब आणि एक रेडिओ होता आणि वीज एकाच दिशेने यायची. उलटी जाईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

उरलेले २४६ लाइनचे. नियमाने घरगुती पुरवठा २३० च्या ६ टक्के वर-खाली असायला हवा, म्हणजे साधारण २१६ ते २४४. तेव्हा २४६ थोडं बाहेरच. पण ते का होतं? आमची डीपी २०० केव्हीएची, तिला टॅप आहे (लहान डीपींना बहुतेक नसतोच). काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या रात्री गावाच्या टोकाच्या घरांत व्होल्टेज इतकं पडायचं की कूलरचा पंखा फिरतोय की विचार करतोय ते कळायचं नाही. लोकांनी तक्रारी केल्या, टॅप वर सरकवला गेला. रात्रीचं दुखणं बरं झालं. तोच वरचा टॅप आता थंडीच्या निवांत दुपारी आमच्या इन्व्हर्टरला नडत होता.

इथे तीन सल्ले आले.

पहिला, सोलर बसवून देणाऱ्याचा, फोनवरून, अगदी हसत हसत: "सर, सेटिंगमध्ये देश बदलून देतो. मर्यादा २७० पर्यंत जाईल. ट्रिप होणारच नाही." हा उपाय बऱ्याच ठिकाणी गुपचूप होतो असं माझं निरीक्षण आहे. ट्रिप होणार नाही हे खरंच. पण मग २६५ व्होल्ट घरातल्या फ्रिजला, टीव्हीला आणि त्याच फेजवरच्या शेजाऱ्यांनाही मिळणार. धूर आल्यावर वाजणाऱ्या घंटेत बोळा कोंबण्यासारखंच. शिवाय नियमाचा सरळ भंग. नाही म्हणून सांगितलं.

दुसरा सल्ला स्टॅबिलायझरचा. घरातला स्टॅबिलायझर वीज एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर अशा हिशोबाने बांधलेला असतो. त्यातून उलटी वीज ढकलणं हे त्याचं काम नाही. सोडून दिलं.

तिसरा सल्ला मात्र तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, आणि तो माझाच होता: डीपीचा टॅप एक पायरी खाली आणायला अर्ज करायचा. एक पायरी म्हणजे अडीच टक्के, जवळजवळ सहा व्होल्ट. एका पान्याचं काम, आणि २४६ चं २४० होणार. मी अर्जाचा मसुदाही टाइप केला. बाबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "मे महिन्यात रात्री टोकाच्या घरी किती राहील मंग?"

हिशोब करून सांगितलं. जिथे १९० मिळत होतं तिथे १८५ च्या आसपास.

"मंग आपल्या बारा युनिटांसाठी त्या घरचा कूलर काहून बंद पाडायचा? त्या घरी म्हातारी हाय."

अर्ज फाइलमध्येच राहिला. मला तेव्हा वाटलं की बाबा उगाच जास्त विचार करताहेत, नियमाने तर आपल्याला २४४ च्या आतच मिळायला हवं! पण नियमाने त्या म्हातारीलाही २१६ मिळायला हवं, आणि एका टॅपने दोघांचं भागत नाही. मोठी डीपी किंवा आणखी एक डीपी हा खरा उपाय, आणि तो आमच्या हातातला नव्हता.

मग हातातलं ते केलं. रीतसर परवानगी काढून सर्व्हिस वायर १० स्क्वेअर एमएमची करून घेतली. खांबावरचं काम अर्थातच वीज कंपनीच्या माणसांनी केलं. तेवढ्याने पावणेसातचे पावणेतीन झाले. जुनी तार उतरवताना मीटरजवळ तांबं आणि अॅल्युमिनियम नुसतं पिळून जोडलेला एक सांधा मिळाला, काळा पडलेला. तो फेकून व्यवस्थित लग लावले. इन्व्हर्टर कंपनीच्या माणसाकडून एक अधिकृत सुविधा चालू करून घेतली: व्होल्टेज वरच्या मर्यादेजवळ आलं की एकदम बंद पडण्याऐवजी निर्मिती हळूहळू कमी करायची. दोन युनिट गेले तरी पाच वाचतात. आणि सगळ्यात स्वस्त उपाय आईचा: बोअरची मोटर, वॉशिंग मशीन, मिक्सर सगळं दुपारी १२ वाजता. १ एचपीची मोटर चालली की तेवढी वीज घरातच जिरते, बाहेर ढकलावी लागत नाही. आधी मोटर पहाटे पाचला चालायची, चाळीस वर्षांची सवय. आता ऊन डोक्यावर आलं की टाकी भरते.

मार्चअखेर आलेख सपाट झाला. दिवसाला ११-१२ युनिट. बाबांनी रोजची नोंद वहीत करायला सुरुवात केली (अ‍ॅपवर त्यांचा विश्वास नाही).

आणि मग एप्रिलच्या शेवटी दुसरंच प्रकरण सुरू झालं.

योगायोग असा की त्याच दिवसांत, २८ एप्रिल २०२५ ला, भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली. दोन्ही देशांचा मुख्य भूभाग काही सेकंदांत अंधारात (म्हणजे उजेडात, पण विजेविना). नंतरच्या तपासात जे बाहेर आलं ते वाचून मी जागेवरून उठलो: व्होल्टेज वाढलं, वीजनिर्मिती केंद्रं स्वतःला वाचवायला सुटत गेली, आणि प्रत्येक सुटण्याने व्होल्टेज आणखी चढत गेलं. आमच्या छपरावर उलटं होतं, इन्व्हर्टर सुटला की व्होल्टेज उतरतं, कारण आमचा चढाव घरच्या तारेतला. पण मोठ्या ग्रिडमध्ये हाच सद्गुण साखळीसारखा पडत जाऊ शकतो हे पाहून त्या ८० आणि ११० टक्क्यांच्या ओळीबद्दल आदर वाढला.

तर आमच्याकडे काय होत होतं? लॉगमध्ये सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी २६४ दिसायचं. त्या वेळी निर्मिती किती? दीडशे वॉट. दीडशे वॉटने व्होल्टेज असं चढत नाही. पाच मिनिटांनी २१५. परत २६८. आणि वेळ कसलीही, ढगाळ दिवशीसुद्धा. इन्व्हर्टर दिवसातून वीस-पंचवीस वेळा निघून जायचा. त्याच आठवड्यात गल्लीत तीन सेट-टॉप बॉक्स आणि एका घरचा टीव्ही जळाला.

आणि गल्लीने निष्कर्ष काढला: गुरुजींच्या सोलरमुळे.

तुम्हीच सांगा, त्यांचं चूक काय? गल्लीत नवीन काय आलं तर गुरुजींचं सोलर. वीज तारेत उलटी सोडतात म्हणे. रांगेतल्या चार घरांपैकी दोघांनी विचार बदलला. एकाने पारावर बाबांना ऐकवलं, "गुरुजी, तुमचं बिल वाचलं अन् आमचा टीव्ही गेला." माणसाने चाळीस वर्षं त्याच गावातली पोरं शिकवली. फोनवर त्यांचा आवाज ऐकून मला पुण्यात झोप लागली नाही.

बाबांनी जे केलं ते कुठल्याही ट्रबलशूटिंगच्या पुस्तकात शोभेल. इन्व्हर्टरचा एमसीबी स्वतः खाली पाडला आणि दोन दिवस पाडूनच ठेवला, लोकांच्या समोर. मल्टिमीटर मी होळीला ठेवून आलो होतोच. तारांना हात लागायला नको म्हणून तीन घरांत प्लगमध्ये खुपसायचे दोनशे-तीनशे रुपयांचे आकडे दाखवणारे व्होल्टमीटर लावले, आणि नववीतल्या तीन पोरांना वह्या दिल्या. दर अर्ध्या तासाने नोंद. परीक्षा संपल्या होत्या, पोरं मोकळीच होती.

दोन दिवसांच्या नोंदी त्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या. सोलर पूर्ण बंद. तरी आमच्याकडे २६२ असताना समोरच्या काकांकडे १८७. आमच्याकडे २१० तेव्हा काकांकडे २४८. एक चढलं की दुसरं पडतं. सी-सॉ!

ज्याने थ्री फेज शिकलंय त्याला हे बघून एकच शब्द सुचतो: न्यूट्रल. डीपीमधून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो, आणि गल्लीतली घरं तीन फेजवर वाटलेली असतात. न्यूट्रल घट्ट असला की प्रत्येक घराला आपले २३० मिळतात, शेजारी काय चालवतोय याच्याशी संबंध नाही. न्यूट्रल डीपीपाशी ढिला झाला की घरं एकमेकांच्या गळ्यात पडतात. ज्या फेजवर कूलर जास्त तिथलं व्होल्टेज बसतं, ज्या फेजवर भार कमी तिथलं चढतं. न्यूट्रल पूर्ण तुटला तर चारशेच्या दिशेनेही जाऊ शकतं. सेट-टॉप बॉक्सचा काय टिकाव लागणार. आणि एप्रिलअखेरच का? कूलर उतरले ना माळ्यावरून. भार वाढला, ढिला जोड तापायला लागला.

इन्व्हर्टर बिचारा पहिल्या दिवसापासून हेच नोंदवत होता. गल्लीत व्होल्टेज लिहून ठेवणारं यंत्र तेवढं एकच होतं.

बाबांनी लेखी तक्रार दिली. सोबत पोरांच्या वह्यांची पानं, अ‍ॅपचा आलेख आणि एकच वाक्य लाल पेनाने: सोलर बंद असतानाच्या नोंदी. पोच घेतली. तिसऱ्या दिवशी लाइनमन आला, परमिट घेऊन लाइन बंद केली, डीपीची पेटी उघडली. न्यूट्रलचा लग जळून काळा ठिक्कर. पाऊण तासाचं काम. खाली उतरून त्याने जळका लग बाबांच्या हातावर ठेवला. "गुरुजी, जोडच जळून गेला होता. अजून आठ दिवस राहिला असता तर अख्खी लाइन जाळली असती." तोही बाबांचाच विद्यार्थी निघाला, दहावी २००४ की २००५ यावर दोघांचा वाद झाला.

तो लग बाबांनी कोणालाही मुद्दाम दाखवला नाही. पण पारावरच्या कट्ट्यावर दोन दिवस ठेवला होता, असं आईने सांगितलं :)

तुमच्याकडे असं होत असेल तर वेळ बघा. इन्व्हर्टर फक्त भर उन्हात, पूर्ण जोरात असताना पडतो का? मग आपली तार, सांधे आणि डीपीचा टॅप. सकाळ-संध्याकाळ, ढगात, कधीही पडतो आणि बल्ब मध्येच जास्त उजळतो का? मग सोलर विसरा, लगेच शेजाऱ्यांकडचं व्होल्टेज बघा आणि त्याच दिवशी तक्रार द्या. ते घरात सुटण्यासारखं नाही, आणि तोवर टीव्ही-फ्रिजचे प्लग काढून ठेवा.

रांगेतल्या चारपैकी तीन घरांनी पावसाळ्यानंतर सोलर बसवलं. आता थंडीच्या दुपारी त्याच डीपीवर चार छपरं एकदम वीज ढकलतात आणि आमचं इन्व्हर्टर बंद असतानाचं व्होल्टेज २४६ वरून २४८ वर गेलंय. दुसऱ्या डीपीसाठी अर्ज केलाय, यावेळी त्यावर सतरा घरांच्या सह्या आहेत. टोकाच्या घरची म्हातारीही आहे त्यात, अंगठ्याने.